नदीचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण मोठी शहाणपणाची आहे. ऋषीचे कूळ शोधायला जावे तर भलतेच काही हाती लागायचे. आणि नदीचे मूळ शोधायला जावे तर जिच्या पुराने गावेच्या गावे हादरतात ती थोरली नदी कुठल्याशा डोंगरात करंगळीएवढ्या धारेने ठिबकताना दिसायची. दोन्हीकडे आदर कमी होण्याचाच संभव! तेव्हा विचारू नये, नमस्कार करावा आणि पुढे चालू लागावे.

परंतु जगात काही माणसे अशी असतात की 'विचारू नये' म्हटले की त्यांना नेमके तेच विचारावेसे वाटते. अशांपैकी एक आमच्या घरातच निघाली आहे. माझ्या मेहुणीची मुलगी गोव्यास समुद्रशास्त्राचा अभ्यास करते आणि दिवाळीत चार दिवस आमच्याकडे येते. गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी तिच्या आजीने सर्वांदेखत तिला विचारले, "काय गं, तू तिथं नक्की करतेस तरी काय?"

"मी पाण्याला विचारते आजी, बाबा रे, तू कुठून आलंस?"

"आणि पाणी सांगतं?"

"बरोबर उजेड टाकला की सांगतं."

आजींनी माझ्याकडे पाहिले. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा घरात कोणी गूढ वाक्य बोलले की त्याचा अर्थ लावण्याचे काम माझ्याकडे येते. तुकोबा आणि ज्ञानोबा यांच्या बाबतीत मी ते कसेबसे निभावून नेतो. इथे मात्र भाचीलाच समोर बसवून मला दोन दिवस शिकवणी घ्यावी लागली. त्या शिकवणीतून मला जे उमगले, ते इतके मौजेचे आणि शेवटी शेवटी इतके काळजीचे निघाले की ते आपल्यापाशीच ठेवणे मला बरे वाटेना.

विरघळलेल्या वस्तूचा प्रश्न आपल्याकडे तसा फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवायला सांगतो आणि सकाळी म्हणतो, आण पाहू ते मीठ परत! मीठ काही सापडत नाही. मग बाप सांगतो, वरचे पाणी चाख, मधले चाख, तळचे चाख. सगळीकडे खारटच. दिसत नाही, पण आहे. त्या ऋषीला यातून सांगायचे होते ते फार वरच्या पायरीवरचे. आपण आपल्यापुरते एवढेच घेऊ की विरघळले म्हणजे गेले नव्हे.

मिठाचे एक बरे आहे, त्याला जीभ पुरते. पण समुद्रात काय एकटे मीठच विरघळलेले असते? रानातली पाने कुजतात, जमिनीतला काळा कस पावसाबरोबर नदीत उतरतो, समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळ जगते आणि मरते. या साऱ्यांचा अर्क पाण्यात उतरत असतो. त्याला शास्त्रात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य म्हणतात. विरघळलेले कशाला म्हणायचे याची व्याख्याही मोठी व्यवहारी आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते ते विरघळलेले, आणि अडकते ते न विरघळलेले! लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ असते सुमारे ३५ ग्रॅम. या सेंद्रिय द्रव्यातला कार्बन मात्र जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम. इतक्या अल्प वस्तूची विचारपूस कोणी करावी, असे तुम्ही म्हणाल. पण सगळ्या महासागरांतला हा जिन्नस एकत्र केला तर त्यातला कार्बन सुमारे ६६० अब्ज टन भरतो. आपल्या डोक्यावरच्या साऱ्या हवेतल्या कार्बन डायॉक्साइडमध्ये जितका कार्बन आहे, त्याच्या जवळपास जाणारी ही रक्कम आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

आता जिभेला न कळणाऱ्या या द्रव्याला ओळखायचे कसे? त्याचा प्रयोग आमच्या स्वैपाकघरातच झाला. भाचीने पिशवीतून एक लहानशी बॅटरी काढली. खोट्या नोटा ओळखण्यासाठी दुकानदार वापरतात तशी, जांभळट उजेडाची. दिवे मालवायला लावले. एका पेल्यात बाजारातून आणलेले टॉनिक वॉटर होते, दुसऱ्यात स्पिरिटमध्ये कालवलेली चिमूटभर हळद. बॅटरी लावताच ते साधे पाण्यासारखे दिसणारे टॉनिक वॉटर निळेशार उजळले, हळद पोपटी झाली, आणि माझा नुकताच साबणाच्या पावडरीने धुतलेला सदरा असा काही झगमगला की आजी म्हणाल्या, "अगं बाई, याला देव्हाऱ्यात ठेवा!" माझ्या आयुष्यात माझ्याकडे पाहून असे उद्गार प्रथमच निघाले, त्यांचे श्रेय पावडरीचे होते, ही गोष्ट वेगळी.

टॉनिक वॉटर उजळते ते त्यातल्या क्विनीनमुळे. आपल्या आजोबा-पणजोबांना हिवताप आला की जे कडूजहर कोयनेल नाक दाबून पाजीत, तेच हे. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४५ साली कोयनेलाच्या द्रावणावरची ही निळी झाक नोंदवून ठेवली. पुढे १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने तिचा उलगडा केला आणि फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून तिला फ्लुओरेसन्स असे नाव दिले. मी तिला प्रतिदीप्ती म्हणतो. घेतलेल्या प्रकाशाला दिलेला जबाब तो प्रति-प्रकाश. होते ते असे : आपल्या डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश काही पदार्थ गिळतात, क्षणाच्या कोट्यंशाइतका वेळ पोटात ठेवतात, आणि परत देतात तो थोड्या कमी शक्तीचा. रुपया घेतला, चार आणे वाटेत खर्ची पडले, बारा आणे परत केले. त्या बारा आण्यांचा प्रकाश आपल्याला दिसतो. कोणता पदार्थ कोणता प्रकाश घेईल आणि कोणता परत देईल, हे ज्याचे त्याचे ठरलेले असते. ओळख पटते ती यावरून.

समुद्राचे पाणीही असेच उजळते, फार मंद, पण उजळते. कुर्ट काल्ले नावाच्या जर्मन समुद्रशास्त्रज्ञाने १९३०-४० च्या दशकात समुद्रात विरघळलेल्या या पिवळसर द्रव्याला सरळ 'पिवळा पदार्थ' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले, आणि त्याच्या निळसर प्रतिदीप्तीचाही अभ्यास केला. आज प्रयोगशाळेत बाटलीतल्या पाण्यावर एकामागून एक निरनिराळे प्रकाश टाकतात आणि प्रत्येकाला मिळालेले उत्तर टिपून त्यांचा नकाशा काढतात. तो दिसतो भूगोलाच्या पुस्तकातल्या उंचसखल प्रदेशाच्या नकाशासारखा. एका जागी टेकडी दिसली तर समजावे, हा जमिनीचा, कुजलेल्या पालापाचोळ्याचा कस आहे. दुसऱ्या जागी दिसली तर समजावे, हे ताजे, नुकत्याच जगलेल्या जिवांतल्या प्रथिनांचे अंश आहेत. आणि मौज अशी की या साऱ्या चकाकीचे माप आजही पुष्कळ ठिकाणी कोयनेलाच्याच हिशेबात मांडतात. अमुक पाण्याची चकाकी इतक्या कोयनेलाइतकी! हिवतापाच्या त्या कडू औषधाला असे उत्तरायुष्य लाभेल, असे पणजोबांना स्वप्नातही वाटले नसेल.

हे सारे खरे, पण त्यासाठी ध्रुवाकडे कशाला जायचे? हा प्रश्न आजींचाच. त्याचे उत्तर नकाशात आहे. उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक महासागर सगळ्या समुद्रांत धाकटा. जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी शंभरातला एखादा भाग त्याच्या वाट्याला. पण जगातल्या नद्या समुद्राला जे पाणी देतात, त्याचा दहावा हिस्सा आणि वर थोडा, हा एकटा घेतो. सैबेरियातून ओब, येनिसे आणि लेना येतात. कॅनडातून मॅकेन्झी येते. वर्षातले कित्येक महिने या नद्या गोठलेल्या असतात. मग मे-जूनच्या सुमारास बर्फ फुटतो आणि वर्षाच्या पाण्याचा मोठा वाटा काही आठवड्यांत धो धो समुद्राकडे धावतो. हे पाणी अरण्यांतून आणि दलदलींतून आलेले, कोऱ्या चहासारखे तांबूस. जंबुपार उजेडात ते समुद्राच्या पाण्याहून कितीतरी अधिक उजळते.

त्या चहाचा माग समुद्रात दूरवर काढता येतो. अशा मागाची पहिली गोष्ट मात्र प्रकाशाची नाही, ती एका फुटलेल्या जहाजाची आहे. 'जीनेट' नावाचे अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून १८८१ साली बुडाले. तीन वर्षांनी, १८८४ साली, त्याचे काही सामान ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडले. त्यात एका खलाशाचे नाव घातलेली मेणकापडाची विजारही होती! कोठे सैबेरिया, कोठे ग्रीनलंड! नॉर्वेचा फ्रिड्यॉफ नान्सेन म्हणाला, बर्फ वाहतो आहे, आणि तो ध्रुवाच्या बाजूने वाहतो आहे. त्याने 'फ्राम', म्हणजे 'पुढे', या नावाचे जहाज मुद्दाम बांधून घेतले, १८९३ साली ते सैबेरियाच्या बाजूला बर्फात गोठू दिले आणि बर्फाबरोबर वाहत जाऊ दिले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये फ्राम स्वालबार्ड बेटांजवळ मोकळे झाले. आज ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांमधल्या सामुद्रधुनीला त्या जहाजाचेच नाव आहे. त्या सामुद्रधुनीत तपासणीचे यंत्र दोराने खाली सोडले, तर पश्चिमेकडच्या थंड, ध्रुवाकडून येणाऱ्या पाण्यात सैबेरियाच्या मातीची चकाकी स्पष्ट दिसते. पूर्वेकडच्या, अटलांटिकमधून वर जाणाऱ्या पाण्यात ती फारच कमी असते. नान्सेनला जे विजारीने सांगितले, ते आता पाणी स्वतः सांगते.

यात नुसते कुतूहल नाही, हिशेबही आहे. आमच्या लहानपणी दूधवाल्याशी रोजची जी हुज्जत चाले तिची मला इथे आठवण झाली. दूध पातळ आहे एवढे आईला चटकन कळे. पण पाणी कोणत्या विहिरीचे घातले, हे काही कळत नसे. ध्रुवाकडच्या समुद्राचेही तसेच. पाण्याचा खारटपणा मोजला की त्यात गोडे पाणी किती मिसळले ते कळते. पण ते गोडे पाणी नदीचे की वितळलेल्या समुद्रबर्फाचे, हे खारटपणा सांगत नाही. समुद्राचे पाणी गोठताना मिठाप्रमाणेच हे विरघळलेले द्रव्यही बरेचसे बाहेर टाकते. म्हणून वितळलेल्या बर्फाचे पाणी फिके, जवळजवळ मुके. नदीचे मात्र बोलके. तेव्हा खारटपणा आणि चकाकी या दोन साक्षीदारांना एकत्र उभे केले की विहीर सापडते. दोघांच्या आकड्यांचा आलेख सरळ रेषेत पडला तर समजावे, नदी आणि समुद्र यांची नुसती भेट झाली. ठिपके रेषेखाली गेले तर वाटेत काहीतरी नाहीसे झाले. वर गेले तर वाटेत कोणीतरी भर घातली.

नाहीसे करणारे दोघे असतात, ऊन आणि सूक्ष्म जंतू. ऊन या द्रव्याला रंगीत कपड्यासारखे विटवते. जंतू मात्र विलक्षण. ते ताजे, गोड तेवढे खातात. आणि त्यांच्या जेवणानंतर जे उष्टे उरते, त्यातले काही अधिकच चकाकते. हे उष्टे इतके टिकाऊ असते की खोल समुद्रातल्या या द्रव्याचे वय काढले तर ते सरासरी चार ते सहा हजार वर्षे भरते. मोहेंजोदारोच्या काळातली एखादी शिळी भाकरी अजून ताटात असावी, तसे!

हे ऐकताना मला माझ्या धंद्याची आठवण होत होती. आम्ही भाषेचे लोक तरी दुसरे काय करतो? मराठीत किती पाणी येऊन मिळाले आहे! दुकान आणि कागद फारशीतून आले, अण्णा आणि अक्का कानडीतून, चावी आणि बटाटा पोर्तुगिजांबरोबर. सगळे असे विरघळले की आज कोणाला परके वाटत नाही. व्युत्पत्तीचा उजेड टाकला की एकेक शब्द आपल्या मूळच्या रंगाने उजळतो. आणि धोकाही दोन्हीकडे सारखाच. पाव किलोतला 'पाव' संस्कृतातल्या पादावरून आला. बेकरीतला 'पाव' पोर्तुगिजांचा. उच्चार एक, कुळे दोन. भाची म्हणाली, "काका, आमच्याकडेही तस्संच. दोन निराळ्या वस्तू एकाच जागी चकाकतात. आणि पुष्कळशा तर चकाकतच नाहीत. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही." हे वाक्य मी आमच्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

ती स्वतः एका उन्हाळ्यात स्वालबार्डला जाऊन आली. तिथे कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे, आणि तिच्या काठी न्यू-ऑलेसुन्ड हे एके काळचे कोळशाच्या खाणीचे गाव. खाण १९६३ साली बंद झाली. आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधनाची ठाणी आहेत. आपलेही 'हिमाद्री' हे ठाणे २००८ पासून तिथे आहे. त्याचा कारभार गोव्याला वास्कोजवळच्या सड्यावरून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१४ साली आपण त्या खाडीत मोजमापांची यंत्रेही बुडवून ठेवली. या खाडीला मोठी नदी नाही, काठाला अरण्य नाही. तिथे हिमनद्या सरळ समुद्रात उतरतात. त्यामुळे तिथल्या पाण्याचा जबाब लेनेच्या जबाबाहून निराळा. पालापाचोळ्याचा सूर मंद, समुद्रातल्या शेवाळाचा आणि हिमनदीतल्या जंतूंचा वरचढ. दक्षिण ध्रुवाकडे, आपल्या 'भारती' ठाण्याच्या किनाऱ्यावर तर झाडच नाही. तिथले पाणी जे बोलते ते बहुतेक समुद्राचेच बोलते.

हिमनदी म्हणजे नुसता स्वच्छ बर्फ, अशी माझी समजूत होती. पण अलास्काच्या किनाऱ्यावर अभ्यास करून काही शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले की हिमनद्यांतून समुद्रात उतरणारे सेंद्रिय द्रव्य हजारो वर्षांचे जुने असूनही जंतूंना अतिशय पचते. बर्फाने ते जणू बरणीत घालून ठेवले होते. झाकण उघडले की संपायला वेळ नाही.

आणि इथेच त्या दोन दिवसांतले हसणे थांबले. कारण खरी मोठी बरणी हिमनदीची नाही, ती उत्तरेच्या गोठलेल्या जमिनीची आहे. सैबेरिया, अलास्का, कॅनडा येथल्या बारमाही गोठलेल्या मुलखात, हजारो वर्षांच्या गवतापानांच्या रूपाने, सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन पडून आहे. हवेत आज आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश सगळ्या पृथ्वीच्या मानाने सुमारे चौपट वेगाने तापत आला आहे, असे २०२२ सालच्या एका अभ्यासाने दाखवले. ती जमीन सुटू लागली आहे. नद्या तिचा कस घेऊन समुद्राकडे निघाल्या आहेत. त्यातला काही जंतू खातील आणि तो कार्बन डायॉक्साइड होऊन हवेत जाईल. काही पाणी गढूळ-तांबूस करील. मग ते पाणी वरच्यावरच अधिक ऊन पिऊन तापेल, आणि खालच्या शेवाळाला उजेड कमी मिळेल. कोणता वाटा कोठे गेला, हे किनाऱ्यावरच विचारले पाहिजे, कारण पुढे समुद्रात सारे एक होते. त्यात आणखी एक चमत्कारिक पेच आहे. पूर्वी बर्फाचे छप्पर या द्रव्याला उन्हापासून जपत असे. छप्पर जसजसे उडते आहे, तसतसे ऊन आत येते आणि चकाकी पुसून टाकते. म्हणजे चोरीही वाढते आहे आणि पावलांचे ठसेही पुसले जात आहेत.

"मग याचा उपयोग काय?" आजींनी अखेरीस विचारलेच. हा प्रश्न मला परिचयाचा आहे. वर्गात नऊ मुले समोर घेऊन मी जुन्या बखरी शिकवतो, तेव्हा त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांत मला तोच दिसतो. भाचीने शांतपणे सांगितले, "आजी, घरातलं सोनं गहाण पडत असेल तर निदान किती पडलं, ते वहीत लिहून ठेवणारं कुणीतरी हवं ना?"

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या संसारात अशी वही ठेवलेली आहे, हे मला ठाऊक होते. हिशेब लिहिल्याने सोने परत येत नाही. पण वही असते त्या घरात कोणीतरी रात्री ती उघडते, आकडे पाहते आणि उद्यापासून हात आखडता घ्यावा असे म्हणते. वही नसते त्या घरात शेवटची पाटली जाईपर्यंत सारे ठीकच चाललेले असते.

तेव्हा ऋषीचे कूळ विचारू नका, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नदीचे मूळ आता कोणीतरी विचारलेच पाहिजे. उत्तरेच्या त्या अर्धवट गोठलेल्या किनाऱ्यावर, बोटे बधिर झालेली कोणी मुलगी पाण्याची बाटली भरते, गाळते, अंधारात जपून ठेवते आणि तिच्यावर उजेड टाकते. बाटलीत दिसायला काहीच नसते. तरी पाणी उत्तर देते. ते ऐकायचे की नाही, हे मात्र तुमच्या-आमच्याकडे आहे.